महीकाठचं ते रान रिकामं नाही

ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. एक मुलीचा. अकरावीच्या भूगोलात टुंड्रा, तैगा, सवाना, वर्षावन सगळं पाठ होतं, पण डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. तर बडोद्यात राहून तिला काय दाखवावं? दुसरा तुमच्या मंडळाचा. वासदच्या पुलाअलीकडे, मही नदीच्या कोतरांलगत, म्हणजे घळींलगत, एक ओसाड तुकडा मिळतोय, तिथे येत्या पावसाळ्यात झाडं लावायची आहेत. ती जागा कुठल्या बायोममध्ये, म्हणजे झाडझाडोऱ्याच्या कुठल्या मोठ्या पट्ट्यात, बसते आणि कुठली झाडं जगतील? मी अनेक वर्षं वनस्पतींची परिस्थितिकी शिकवली, गुजरातेतल्या गवताळ रानांची पाहणी केली. दोन्हींचं उत्तर एकत्रच देतो, कारण पहिलं नीट कळलं की दुसरा प्रश्नच बदलतो.

पाठ्यपुस्तकं पृथ्वीवर रंगीत पट्टे आखतात: विषुववृत्तावर गडद हिरवा, मग पिवळा, मग वाळवंटाचा बदामी, वर तैगा, त्याहून वर टुंड्रा. पट्टे चुकीचे नाहीत, पण त्यातून ‘का’ कळत नाही. मी वर्गात सुरुवात वेगळीकडून करायचो. बडोद्यात वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लंडनमध्ये पडतो ६००च्या आसपास. आपल्यापेक्षा कमी! दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच, सर, आकडे उलटे झाले. उलटे झालेले नाहीत. लंडनचा पाऊस बारा महिन्यांत थोडा थोडा वाटलेला असतो आणि ऊन मवाळ, त्यामुळे पडलेलं पाणी जमिनीत टिकतं. आपल्याकडचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. पुढचे आठ महिने झाडाला साठवणीवर काढायचे असतात, आणि त्यातले मार्च ते मे ऊन जमिनीतलं उरलंसुरलं पाणीही ओढून घेतं. म्हणून तिकडे हिरवळ वर्षभर, आणि आपल्याकडचा साग होळीच्या सुमारास खराटा.

म्हणजे बायोम ठरवताना पाणी किती पडलं एवढंच विचारून भागत नाही. कधी पडलं, आणि त्यातलं ऊन-वारा किती परत घेऊन जातो, हेही विचारावं लागतं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण सैबेरियातलं याकुत्स्क. तिथे वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून २४० मिलिमीटरच्या आसपास. पुस्तकातली वाळवंटाची ढोबळ व्याख्या २५० मिलिमीटरच्या आत अशी आहे, त्या हिशेबानं याकुत्स्क वाळवंट ठरायला हवं. प्रत्यक्षात शहराभोवती मैलोन् मैल लार्च वृक्षांचं जंगल आहे, तैगा म्हणतात तो हाच. थंडीमुळे बाष्पीभवन नगण्य, आणि खाली कायम गोठलेली जमीन असल्यामुळे उन्हाळ्यात वितळलेलं पाणी खोल मुरून जात नाही, मुळांपाशीच राहतं. भूजमध्ये याहून जास्त पाऊस पडतो आणि तिथे काटेरी झुडपं. हे एकदा समजलं की तैगा वेगळा पाठ करावा लागत नाही.

मुलीला एक काम द्या. आलेखाच्या कागदावर सहा शहरांचे बारा-बारा महिने मांडायचे, पावसाचे खांब आणि तापमानाची रेघ: बडोदा, सिंगापूर, कैरो, लंडन, केपटाउन, याकुत्स्क. सिंगापूरचे खांब वर्षभर उंच, तिथे पान गाळायचं कारणच नाही, ते वर्षावन. कैरोचे खांब दिसतही नाहीत. तीस अंश अक्षांशाच्या आसपास वरून खाली उतरणारी कोरडी हवा ढग बनूच देत नाही, सहारापासून अरबस्तानापर्यंतची वाळवंटं त्या पट्ट्यात का आहेत ते तिथेच उलगडतं. केपटाउनचा आलेख बघून ती थबकेल, कारण तिथे पाऊस हिवाळ्यात. वाढायला ऊब असते तेव्हा पाणी नाही आणि पाणी असतं तेव्हा ऊब नाही, त्यामुळे तिथली झुडपं जाड, चामड्यासारख्या पानांची. असं हवामान जगात पाचच ठिकाणी आहे: भूमध्य समुद्राभोवती, कॅलिफोर्नियात, मध्य चिलीत, केप प्रांतात आणि ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य कोपऱ्यात. पाचही ठिकाणची झाडं वेगवेगळ्या कुळांतली, पण दिसायला चुलत भावंडं वाटावीत इतकी सारखी.

टुंड्रा, तैगा पुस्तकातूनच वाचू द्या. आपल्याकडे त्यापेक्षा मोलाची एक गोष्ट आहे, आणि बडोदेकर ती आगगाडीच्या खिडकीतून बघूनही बघत नाहीत. अलेक्झांडर फॉन हंबोल्ट १८०२ साली दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो पर्वतावर चढला, तेव्हा पायथ्यापासून हिमरेषेपर्यंत वनस्पतींचे पट्टे कसे बदलतात हे त्यानं मांडलं. तिथे बदलत होतं तापमान. गुजरातेत हाच पर्वत आडवा पडलेला आहे आणि बदलतो तो पाऊस. दक्षिणेला डांगात दोन हजार मिलिमीटरच्या घरात, बडोद्याला ९००, कच्छात साडेतीनशे-चारशे. आहव्याहून निघून भूजला पोहोचेपर्यंत तुम्ही दमट पानझडीतून कोरड्या पानझडीत, तिथून काटेरी गवताळ रानात आणि शेवटी जवळपास वाळवंटात येता. पासपोर्ट न काढता इतकी विविधता एका दमात फार थोड्या ठिकाणी बघायला मिळते.

जवळचं ठिकाण म्हणजे हालोलच्या पुढचं जांबुघोडा. तिथे मुलीला एकदाच नेऊ नका. मार्चमध्ये न्या आणि पुन्हा ऑगस्टमध्ये न्या, तेही शक्यतो त्याच वाटेनं. मार्चमध्ये साग, बांबू, टेंभुर्णी सगळं उघडं. पायाखाली कुरकुरणारी पानं आणि मधूनच पळस पेटलेला. मोहाखाली सकाळी फुलं वेचणारी राठवा आदिवासी कुटुंबं दिसतील. पाहुणे ‘जंगल मेलं’ म्हणतात ते याच दिवसांत. ऑगस्टमध्ये त्याच वाटेवर दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. कोरड्या पानझडीचं हे जंगल वर्षावनाहून खालच्या दर्जाचं, असा एक समज आपल्यात घट्ट बसलाय. तो काढून टाका. उलट उष्ण कटिबंधात माणसानं आधी साफ केली ती बहुतेक हीच जंगलं, कारण जमीन सुपीक, रोगराई कमी, आणि उन्हाळ्यात झाडं जाळायला सोपी. ॲमेझॉनचा गाजावाजा होतो, त्यात गैर काही नाही, पण तिथली बरीचशी माती स्वतः गरीब आहे. अन्नद्रव्यं झाडांतच फिरत राहतात आणि फॉस्फरसची काही भरपाई सहाराच्या धुळीतून वाऱ्यानं होते.

दुसऱ्या बाजूला खंभातचं आखात. इथे पावसाचा हिशेब मागे पडतो आणि मीठ राज्य करतं. भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो. एवढं पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, त्यामुळे मैलभर गाळाची सपाटी उघडी पडते आणि तिच्या कडेनं तिवरांची बुटकी रांग उभी असते. इथल्या लोकांच्या तोंडी त्याला चेर. नर्मदेच्या मुखाजवळ आलियाबेटावर खाराई उंट आहेत, तिवरं खायला पाण्यातून पोहत जाणारे. कच्छच्या छोट्या रणातही मीठच. पावसाळ्यात उथळ समुद्रासारखं पाणी, नंतर भेगाळलेली पांढरी सपाटी, आणि तिच्यात थोडी उंच राहिलेली ‘बेटं’, ज्यांवर गवत टिकतं. त्या गवतावर घुडखर, म्हणजे रानगाढव, जगतो. १९७३ साली तिथे अभयारण्य झालं. २०२०च्या गणनेत ६,०८२ घुडखर मोजले गेले. गवत गेलं तर ते जातील, बाकीच्या पांढऱ्या विस्ताराचा त्यांना पोटासाठी उपयोग नाही.

आता तुमच्या तुकड्याकडे येतो.

रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकी शास्त्रज्ञानं एका अक्षावर तापमान आणि दुसऱ्यावर पाऊस घेऊन सगळे बायोम एका आकृतीत बसवले. ती आकृती जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असते. तिच्यात मधल्या भागाभोवती एक तुटक रेघ आहे, तिच्याकडे मात्र शिक्षकही बघत नाहीत. त्या रेघेच्या आत काय उगवेल हे नुसतं हवामान ठरवत नाही. आग, माती आणि चरणारी जनावरं ठरवतात. फार ओल्या जागी जंगलच, फार कोरड्या जागी वाळवंटच. मधल्या पावसाच्या प्रदेशात मात्र गवत आणि झाड यांची ओढाताण कायम चालू असते. उन्हाळ्यात गवत वाळतं, पेटतं, रोपटी जळतात; गवताचा जीव जमिनीखाली असतो, त्यामुळे पहिल्या सरीला ते पुन्हा फुटतं. जनावरं कोवळे शेंडे खातात. ज्या झाडाची साल जाड आणि अंगी काटे, तेच वर निघतं, तेही एकेकटं, लांब लांब. ही झाली सवाना. सेरेंगेटीत आग्नेयेला पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास आणि वायव्येला हजाराच्या घरात, म्हणजे आपलं बडोदं त्याच मापात बसतं. तिथे आपण सवाना म्हणून फोटो काढतो आणि इथे त्याला पडतर, म्हणजे पडीक, म्हणतो.

हे का झालं, याची कारणं कागदोपत्री आहेत. इंग्रजी महसुलाच्या खात्यात जी जमीन सारा देत नाही ती ओसाड. वनखात्याच्या इंग्रज अधिकाऱ्यांना झाडांत रस, त्यामुळे गवत म्हणजे बिघडलेलं जंगल असं त्यांनी गृहीत धरलं. चॅम्पियन आणि सेठ यांचं १९६८चं वनप्रकारांचं वर्गीकरण आजही त्याच चष्म्यातून वापरलं जातं. २००१ साली जगाचा जो गाजलेला नकाशा निघाला, १४ बायोम आणि ८६७ परिप्रदेशांचा, त्यात मध्य गुजरात ‘कोरडं पानझडी जंगल’ या रंगात आहे. भारतातला एकच पट्टा सवाना म्हणून दाखवलाय, तो हिमालयाच्या पायथ्याचा तराई. दख्खनची माळरानं तर वाळवंट आणि झुडपी प्रदेशात ढकललीत. मुलीच्या पुस्तकातला नकाशा त्याच घराण्यातला असणार. तिनं तो परीक्षेत लिहावा, पण त्यावर विश्वास ठेवून कुदळ उचलू नये.

दुसरीकडे, १९७३ साली दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशाच्या गवतांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यातल्या पाच मोठ्या गटांपैकी पवन्या आणि मारवेल यांचा गट आपल्या भागाला लागू पडतो. सातारा-पुण्याकडे तुमचे नातेवाईक असतील तर ही नावं ओळखीची असतील. मारवेलला इथे झिंझवो म्हणतात. अशी गवतं उष्ण प्रदेशात पसरली त्याला साधारण ८० ते ६० लाख वर्षं झाली, माणसानं कुऱ्हाड हातात घेण्याच्या कितीतरी आधी. काळवीट, तणमोर, खोकड हे प्राणी उघड्यावर पळायला, उडायला आणि बिळात लपायला घडलेले आहेत. जंगल तुटून नुकतंच माळरान झालं असतं तर हे आले कुठून? महाराष्ट्रात अलीकडे संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा-ओव्यांतल्या झाडाझुडपांची नोंद तपासली, तेव्हा तिथेही माळावरच्याच वनस्पती जास्त निघाल्या.

कोतरांबद्दलही असंच. ‘जनावरांनी चरून जमीन फाटली’ हे अर्धवट सत्य आहे. महीकाठचा गाळ खूप जाड आहे. जमीन उचलली गेल्यामुळे नदीनं त्यात खोल कापत जाणं हजारो वर्षांपासून चालू आहे. चराईनं त्याला हातभार लावला असेल, पण सुरुवात तिनं केलेली नाही.

अर्थात प्रत्येक उघडी जागा सवाना नसते. कुठे खरोखरच जंगल तुटलेलं असतं, आणि ते परत आणायला हवं. दोन्हींतला फरक जागेवर ओळखता येतो. तुमच्या फोटोंत जे दिसतं त्यावरून बोलतो: गवताचे झुबके आहेत, दरवर्षी तिथूनच फुटणारे, विखुरलेली झाडं हिवर, शमी, हिंगणबेट आणि बोर यांची, सगळी काट्यांची आणि एकमेकांपासून अंतर राखून. ही जुन्या गवताळ रानाची खूण. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांनी जा आणि खाली बसून बघा. कंदातून उगवणाऱ्या छोट्या वनस्पती, मुसळीसारख्या, वर आल्या असतील तर शंकाच नको; नांगरलेल्या किंवा नुकत्याच साफ केलेल्या जमिनीत त्या सहसा टिकत नाहीत. याउलट सागाचे, मोहाचे जुने बुंधे दिसले, त्यातून धुमारे फुटताना दिसले, आजूबाजूला जंगलातल्या वेली असल्या, तर ती तुटलेल्या जंगलाची जागा. तुमच्या फोटोंत एकही बुंधा नाही.

मंडळातले कुणी कार्बनचा मुद्दा काढतील, काढायलाच हवा. २०१९च्या जुलैत एक अभ्यास जगभर गाजला: सुमारे ९० कोटी हेक्टरवर झाडं वाढवली तर २०५ अब्ज टन कार्बन बांधला जाईल. त्याच वर्षी अनेक परिस्थितिकी-तज्ज्ञांनी त्याला उत्तर दिलं. अंदाज सुमारे पाचपट फुगलेला आहे आणि गवताळ प्रदेश ‘झाडांसाठी मोकळी जागा’ म्हणून मोजले गेलेत, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या बाजूचा आहे. गवताचा कार्बन मुळांत आणि मातीत असतो, वणव्यात तो जळत नाही. खड्डे खणून, माती उलटून आपण आधी तोच मोकळा करतो आणि मग वरच्या रोपांचे फोटो काढतो.

आपल्याच राज्यात याचा धडा गिरवून झालेला आहे. कच्छातल्या बन्नीत, आशियातल्या नावाजलेल्या गवताळ रानात, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला खारटपणा अडवायला म्हणून परदेशी गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, लावला. हेतू चांगला होता. त्यानं गवत गिळलं, आणि गुरं पाळणाऱ्या मालधारींच्या गायींना चारा राहिला नाही. आज तो उपटायला पैसे खर्च होतात.

मुलीला खरी सवाना दाखवायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत भावनगरकडच्या वेळावदरला न्या, आखाताला वळसा घालून जावं लागतं. उद्यान लहान आहे, ३४ चौरस किलोमीटरच, पण काळविटांचा कळप सपाटीवरून उड्या घेत जाताना बघणं म्हणजे पुस्तकातलं पान जिवंत होणं. संध्याकाळपर्यंत थांबा. भोवत्या जातीचे शिकारी पक्षी शेकड्यांनी गवतात उतरतात, रात्र काढायला. हे कझाकस्तानकडच्या गवताळ मैदानांतून आलेले असतात. वाटेत जंगलं लागतात, शेतं लागतात, तिथे त्यांचं भागत नाही; उघडं गवत आणि त्यातले टोळ त्यांना हवे असतात. मध्य आशियाची स्टेप आणि आपली सवाना एकाच पक्ष्याच्या वर्षात कशा जोडल्या आहेत, हे मुलीला तिथे उभं राहून सांगा. डभोईजवळचं वढवाणा तळंही त्याच मोसमात करता येईल, पट्टकादंब हे हिवाळी पाहुणे पक्षी दिसतील. फक्त तिला हेही सांगा की ते तळं १९१० साली बडोदा संस्थानानं सिंचनासाठी बांधलेलं आहे. २०२१ साली त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला असला तरी तो काही निसर्गदत्त भूप्रदेश नाही.

राहिला मंडळाचा कार्यक्रम. वरच्या सपाटीवर एकही खड्डा खणू नका. रोपं घेऊन झाली असतील तर कडुनिंब, करंज शहरात लावा, सोसायट्यांच्या आवारात आणि शाळांत, तिथे सावलीची गरजही आहे. कोतराच्या तळाशी, जिथे पाण्याचा लोंढा माती ओढून नेतो, तिथे बांबू चालेल. वासदला मृदसंधारणाचं सरकारी संशोधन केंद्र आहे, त्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलंय, त्यांना विचारून ओळी ठरवा. श्रमदानच करायचं असेल तर सपाटीवरचा गांडो बावळ गुडघ्याएवढा आहे तोवर मुळासकट काढा. पावसानंतर जमीन ओली असताना तो निघतो, नंतर निघत नाही; हातात जाड मोजे हवेत. गवत कापायचं झालं तर बी गळून गेल्यावर, आणि तेही सगळं एकदम न कापता पट्टे सोडून, म्हणजे जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना आडोसा राहतो.

आणि सात-बाराचा उतारा आधी बघा. ती जागा गौचर, म्हणजे गायरान, म्हणून नोंदलेली असेल तर तिथे काहीही करण्याआधी ग्रामपंचायतीशी बोलावं लागेल, आणि जे भरवाड पशुपालक तिथे गुरं आणतात त्यांच्याशीही. कुठल्या महिन्यात कुठल्या बाजूला चारा असतो, हे ते तुम्हाला माझ्यापेक्षा नेमकं सांगतील.